०.०१ मिलिमीटरचा तोरा : डिजिटल कॅलिपर, अकरा महिने वापरून

पाचपैकी तीन तारे. तिसरा देताना हात जरा आखडलाच.

कॅलिपर म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून तिचं माप घ्यायचं यंत्र. या कॅलिपरवर आतापर्यंत आलेले अभिप्राय वाचले. लेथवाले, घड्याळवाले, थ्रीडी प्रिंटरवाले सगळे खूश आहेत. "अगदी अचूक", "हातात घट्ट बसतो", "डोळे झाकून घ्या". त्यांचं खरं असेल. लोखंडाचा तुकडा मोजताना वळवळत नाही आणि मोजणाऱ्याच्या हातावर मुतत नाही. माझी गिऱ्हाइकं दोन्ही करतात.

मी विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे गाभण उंदराच्या मादीला नळीने तणनाशक पाजतात, म्हणजे मक्याच्या तेलात कालवून थेट पोटात, आणि मग तिची नर पिल्लं पोटातून कशी घडून आली ते तपासतात. (उंदीर म्हणजे इथे रॅट. माऊस वेगळा, आमच्यात दोन्हींना एकच शब्द वापरला की मॅडम पेन खाली ठेवतात.) जन्मानंतर पहिल्या चार दिवसांच्या आत प्रत्येक पिल्लाचं एक माप घ्यायचं असतं : गुदद्वारापासून जननांगाच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर. कागदोपत्री नाव मोठं आहे, बोलताना सगळे एजीडीच म्हणतात. हा कॅलिपर त्या एका कामासाठी घेतला.

एवढ्याशा अंतराला इतकी किंमत का, ते सांगितल्याशिवाय पुढचं रडगाणं कळणार नाही. नर पिल्लात हे अंतर साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर भरतं, मादीत त्याच्या निम्मं. गर्भात टेस्टोस्टेरॉनने, म्हणजे नर घडवणाऱ्या हार्मोनने, आपलं काम वेळेवर केलं की नराचं अंतर लांबतं. त्या वेळी कोणी अडथळा आणला तर ते मादीच्या दिशेने आखूड राहतं. आणि ही वेळ फार छोटी आहे. मिशेल वेल्श, रिचर्ड शार्प आणि त्यांच्या एडिनबरामधल्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की उंदराच्या गर्भात हा काळ साडेपंधराव्या ते साडेअठराव्या दिवसापर्यंतचा, म्हणजे जेमतेम तीन दिवस. तेव्हा अवयव डोळ्यांना वेगळे दिसतही नसतात. दिसायला लागतात नंतर, पण ठरलेलं असतं तेव्हाच. त्या तीन दिवसांत चुकलं ते पुढे कितीही हार्मोन दिलं तरी भरून येत नाही. एजीडी ही त्या तीन दिवसांची मागे राहिलेली खूण. पिल्लू मोठं झालं, म्हातारं झालं, तरी ती पुसत नाही.

म्हणजे माझ्या हातातल्या यंत्राला तीन मिलिमीटरमधला अर्ध्या मिलिमीटरचा फरक पकडायचा आहे. यंत्र म्हणतं, मी ०.०१ मिलिमीटरपर्यंत दाखवतो. तोरा मोठा आहे.

खोक्यातून काढल्यावर पहिलं मत चांगलंच झालं. जबडे सरळ, मिटवून उजेडाकडे धरले तर फट दिसत नाही. अंगठ्याचं चाक मऊ फिरतं, हे महत्त्वाचं, कारण माझा डावा हात पिल्लाने अडकलेला असतो आणि सगळा कारभार उजव्या अंगठ्यावर. आकडे मोठे. संगणकाला जोडायची खाच आहे, पायाने दाबायचा पेडल लावला की आकडा थेट तक्त्यात जातो, बोलून लिहून घ्यायला दुसरं माणूस लागत नाही. ५ मिलिमीटरचा प्रमाण ठोकळा मोजला, ५.०० दाखवले. दहा वेळा मोजला, नऊ वेळा ५.०० आणि एकदा ५.०१. याबद्दल एक तारा पूर्ण, त्यात काही बोलायचं नाही.

मग पिल्लं आली.

एक दिवसाचं पिल्लू म्हणजे साडेसहा ग्रॅमचा गुलाबी ओला अंगठा. कातडी इतकी पातळ की पोटात गेलेलं दूध बाहेरून पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. डाव्या तळहातावर उताणं घ्यायचं, शेपटी दोन बोटांत हलकेच धरून खाली करायची, दिव्याखाली उंचवटा आणि गुदद्वाराची कड शोधायची, आणि जबड्यांची टोकं त्या दोन ठिकाणांवर न टोचता आणायची. नेमकं याच जागी स्पर्श झाला की पिल्लू मूत्र सोडतं. त्यात त्याची चूक नाही. आई चाटते तेव्हा त्यांना लघवी होते, निसर्गाची सोय आहे ती. पण तो थेंब जबड्यावरून घरंगळत कॅलिपरच्या पट्टीवर येतो आणि आकडे वेडे होतात. तिसऱ्या पिल्लालाच माझा कॅलिपर ३.३६ वरून ४७.१० वर गेला, मग उणे बारा, मग स्वस्थ बसला. या जातीच्या कॅलिपरमध्ये पट्टी आणि सरकता भाग यांच्यामधली विद्युतधारिता मोजून आकडा काढतात. मध्ये ओल आली की हिशेब बिघडणारच. पुसा, वाळवा, पुन्हा झिरो करा, पुन्हा ठोकळा मोजा. तोवर पिल्लू गार पडायला लागतं, म्हणून ते परत उबेच्या गादीवर. एका वेतात बारा पिल्लं, त्या दिवशी चार वेत. माझी दुपार कुठे गेली विचारू नका.

खोक्यावर "पाणीरोधक" असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, हे मान्य. पण विकणाऱ्याने जाहिरातीत नळाखाली धरलेल्या कॅलिपरचं चित्र कशाला टाकावं? ते चित्र दुसऱ्याच मॉडेलचं निघालं. विचारलं तर उत्तर आलं, "चित्र केवळ माहितीसाठी." ज्यांना ओल्या वस्तू मोजायच्या आहेत त्यांनी आयपी ६७ असा (धूळ-पाणी आत न शिरण्याचा) शिक्का असलेला आणि चुंबकीय प्रेरणेवर चालणारा कॅलिपर घ्यावा. त्याला थेंबाथेंबाने काही होत नाही.

दुसरा त्रास सेलचा. बंद केला तरी हा पूर्ण बंद होत नाही, फक्त पडदा मिटतो. आतलं मोजणं चालूच असतं, कारण झिरो लक्षात ठेवायचा असतो. सोबत आलेला अल्कलाइन बटण सेल पाच आठवड्यांत संपला. त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरतो, त्यामुळे शेवटचे काही दिवस आकडे लुकलुकतात आणि आपल्याला वाटतं दिवा नीट नाही. एसआर ४४ हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल टाका, तो शेवटपर्यंत ताठ राहतो आणि मग एकदम मरतो. अशा वस्तूंनी असंच मरावं. काम संपलं की सेल काढून ठेवा.

आता खरी गोष्ट. हा कॅलिपर चूक दाखवतो का? नाही. चुकतो तो हात. माझ्याकडे नवीन आलेल्या मुलीला शिकवायला म्हणून एकाच पिल्लाची मापं दोघींनी घेतली. माझी तीन : ३.३८, ३.४४, ३.४१. तिची : ३.६२.

"ताई, माझा कॅलिपर वेगळा आहे का?"

"एकच आहे बाई. तू शेपटी ओढतेयस."

शेपटी जरा जास्त ताणली की मधली कातडी ताणते. ०.२ मिलिमीटर सहज मिळतात. म्हणजे ज्या फरकावर एखाद्या तणनाशकाबद्दल मत बनायचं, त्याचा जवळजवळ निम्मा फरक एका बोटाच्या ताणात आहे. दुसऱ्या दशांश स्थळावरचा आकडा म्हणूनच मी सोडून देते. तो पडद्यावर असतो, पण तो यंत्राचा आहे, पिल्लाचा नाही. आम्ही नियम असा केला की एका अभ्यासातली सगळी पिल्लं एकाच माणसाने मोजायची, प्रत्येकाची तीन मापं, आणि पिंजऱ्यावर फक्त सांकेतिक क्रमांक. कुठल्या आईला औषध गेलं आणि कुठलीला नुसतं तेल, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. हात प्रामाणिक असला तरी तो आशाळभूत असतो.

त्याच मुलीने एकदा चांगल्या मनाने घोटाळा केला. टोकं पिल्लांना टोचतील म्हणून तिने जबड्यांच्या आतल्या कडांना पातळ चिकटपट्टी लावली. झिरो आधी केलेला, पट्टी नंतर लावलेली. दोन्ही बाजूंची जाडी प्रत्येक मापात मिळवली गेली आणि अर्धं वेत सगळंच्या सगळं थोडं थोडं "जास्त नर" निघालं. टोकं खरंच धारदार आहेत, तिची काळजी रास्त होती. कंपनीने टोकं जरा गोलसर दिली असती तर हा प्रकार झाला नसता. आम्ही शेवटी बारीक पॉलिश कागदावर कोपरे मारून घेतले.

वजनाचं एक सांगायला हवं, नाहीतर कोणी नुसते मिलिमीटर घेऊन निष्कर्ष काढत बसेल. मोठ्या पिल्लाचं सगळंच मोठं असतं. म्हणून अंतराला वजनाच्या घनमुळाने भागतात. माझ्या वहीतली दोन पिल्लं बघा, दोन्ही नुसतं तेल मिळालेल्या आयांची. एक ६.८ ग्रॅमचं, अंतर ३.४१. दुसरं ५.६ ग्रॅमचं, अंतर ३.२०. नुसतं कॅलिपरवर बघितलं तर दुसरं आखूड. भागाकार केला तर दोघांचंही १.८०. आणि तिसरं, संकेत उघडल्यावर लिन्युरॉन या तणनाशकाच्या गटातलं निघालं ते : ६.७ ग्रॅम, अंतर २.७४, भागाकार १.४५. हे पिल्लू अंगाने धडधाकट होतं, दूध भरपूर प्यायलेलं. फक्त नर होण्याच्या रस्त्यावर थोडं आधीच थांबलेलं. अर्थात एका पिल्लावरून काही ठरत नाही, एका वेतातल्या बारा पिल्लांवरूनही नाही. आई एक, डोस एक, म्हणून हिशेबात आकडा वेताचा धरायचा, पिल्लाचा नव्हे. बारा भावंडांना बारा पुरावे म्हणून उभं करणारे अहवाल मी पाहिले आहेत.

लिन्युरॉन आमच्याकडे सराव पदार्थ म्हणून आलं होतं, हात तयार झाला की नाही ते पाहायला. १९६० च्या दशकापासून गाजर-बटाट्याच्या शेतात वापरलेलं हे तणनाशक. तणाच्या पानात ते प्रकाशसंश्लेषण अडवतं, आणि तणाशी काहीही संबंध नसलेल्या उंदराच्या गर्भात दोन उद्योग करतं : अँड्रोजनच्या (टेस्टोस्टेरॉनसारख्या नर हार्मोनांच्या) रिसेप्टरला, म्हणजे ती हार्मोनं पेशीत जिथे बसतात त्या जागेला, जाऊन अडतं, आणि गर्भाच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन बनणंही कमी करतं. एका वनस्पतीसाठी केलेली चावी भलत्याच कुलपात बसते, तसं. युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याच्या मंजुरीचं नूतनीकरण नाकारलं. त्याआधी किती वर्षं ते फवारलं गेलं ते वर आलंच.

इथेच कॅलिपरची मर्यादा लागते, आणि ती कंपनीची चूक नाही. लिन्युरॉनचा खरा घाव एजीडीवर दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो. वृषणात तयार झालेले शुक्राणू जिथे पिकतात ती अधिवृषणाची नळी टेस्टोस्टेरॉनच्या आधाराने घडते. आमची सरावातली पिल्लं मोठी झाल्यावर शवविच्छेदनाला गेली तेव्हा एका नराच्या डाव्या बाजूला अधिवृषणाचा मधला तुकडाच नव्हता. वरचं टोक आहे, खालचं टोक आहे, मध्ये चरबीचा पांढरा धागा. त्या बाजूचं वृषण फुगून पाणीदार झालेलं, कारण आतल्या द्रवाला वाट नाही. मी वही उलटून त्याचं जन्माच्या दिवसाचं एजीडी काढलं. गटात मधलंच होतं, उठून दिसावं असं काहीच नाही. मी ते तीनदा मोजलं होतं.

म्हणून नुसता कॅलिपर घेऊन बसू नये. बाराव्या-तेराव्या दिवशी, पोटावरची लव दाट व्हायच्या आत, नर पिल्लांची स्तनाग्रं मोजावीत. उंदरात धड वाढलेल्या नराला ती नसतातच, मादीला सहा जोड्या. लिन्युरॉनसारख्यांच्या गटात नरांवरही ठिपके उरतात. त्याला यंत्र लागत नाही, भिंग आणि संयम पुरतो. ॲट्राझिन या दुसऱ्या तणनाशकाची गोष्ट आणखी निराळी. ते अँड्रोजनच्या रिसेप्टरला धरत नाही. मेंदूकडून येणारा एलएच हार्मोनचा निरोपच अडवतं, त्यामुळे तिथे वयात येण्याचा दिवस किती लांबला हे पाहणं जास्त उपयोगाचं. ॲट्राझिन युरोपीय संघाने २००४ मध्ये बाद केलं. अमेरिकेत ते चालू आहे, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३ मायक्रोग्रॅमची मर्यादा घालून. "तणनाशक" हा एकच शब्द वापरून सगळ्यांना एकाच फूटपट्टीने मोजणारे भेटले की मला माझा कॅलिपर त्यांच्या हातात द्यावासा वाटतो.

एक बाजू सांगितली तर दुसरीही सांगते. आम्ही मादीला देतो ती मात्रा वजनाच्या किलोमागे काही दहा मिलिग्रॅमच्या घरातली असते. अन्नपाण्यातून माणसाच्या पोटात जाणारी त्याच्या हजारो पटींनी कमी. पण माणसाच्या पोटात एकच पदार्थही जात नाही. लिन्युरॉन आणि बीबीपी नावाचं प्लास्टिकमधलं थॅलेट एकत्र दिलं तर दोघांचे परिणाम एकमेकांत मिळवले जातात, हे २००४ मध्ये उंदरांत दाखवलेलं आहे. दोघांची काम करायची पद्धत वेगळी असूनही.

कॅलिपरवर मी आले ते खरं तर बढती म्हणून नाही. त्याआधी मी डोसिंगला होते, हूडखाली, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या कपाटात, पावडर तोलून तेलात कालवायची, सिरिंज भरायच्या. मला दिवस गेले. मी मॅडमना सांगितलं तेव्हा दहावा आठवडा होता. त्यांनी त्याच दिवशी खोली बदलली, "उद्यापासून मापं घ्यायची," एवढंच म्हणाल्या. रात्री मी आपली बोटं मोजत बसले. माणसात हा नर घडवायचा काळ साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत धरतात. हातमोजे दुहेरी होते, मास्क होता, हूडचा पंखा तपासलेला होता. सुरक्षा विभागाच्या डॉक्टरांनी नोंदी पाहून काळजीचं कारण नाही असं सांगितलं आणि मला ते पटलंही. तरी दोन आठवड्यांचा तो आकडा डोक्यातून गेला नाही. आठ ते दहा. रोज सकाळी कॅलिपर झिरो करताना आठवायचा.

मुलगा झाला. बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी बोटांनी चाचपून सांगितलं, दोन्ही वृषणं खाली उतरलेली आहेत, सगळं जागच्या जागी आहे. मी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर नवऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला. कॅलिपर मी घरी नेला नव्हता, याची इथे नोंद असावी. बाळांचं एजीडी कॅलिपरने मोजतातही, त्यावर अभ्यास झालेले आहेत, शॅना स्वान यांचा थॅलेटवरचा २००५ सालचा त्यातला गाजलेला. पण तो शिकलेल्या हातांनी करायचा उद्योग आहे आणि माझे हात तेव्हा थरथरत होते.

कोणाला काय घ्यावं असं विचारलंत तर : नवजात पिल्लांसाठी, परवडत असेल तर स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि नेत्रिकेत बसवायची बारीक पट्टी. पिल्लाला काही टेकत नाही, म्हणून कातडी दबत नाही आणि मूत्र कुठेही गेलं तरी चालतं. एका पिल्लाला जवळजवळ दुप्पट वेळ जातो आणि मान धरते. तीन आठवड्यांच्या पुढच्या, केस आलेल्या पिल्लांसाठी हाच कॅलिपर बरा, अंतर मोठं असतं आणि हाताच्या चुकीचा वाटा कमी होतो. लेथवाल्यांनी तर बिनधास्त घ्यावा.

रजेवरून आले तेव्हा कॅलिपर खणात तसाच होता. कोणी सेल काढला नव्हता. पडदा कोरा. नवा एसआर ४४ टाकला, जबडे मिटवून झिरो केला, ठोकळा लावला. ५.०१. पुसून पुन्हा लावला, ५.००. शेजारच्या खोलीत रात्री दोन वेत झाले होते.